शनीची दृष्टी, काटेसाहेबांचं शून्य

काटेसाहेबांनी ज्योतिषाचं पुस्तक उघडलं ते एका मुलीला एक उत्तर द्यायचं होतं म्हणून. तेवढं देऊन ते पुस्तक मिटणार होते आणि पुन्हा वर्तमानपत्राकडे वळणार होते. त्यानंतर इमारतीची पाण्याची टाकी उपसली गेली, तळमजल्यावरच्या हेडबाईंची वाचा बंद झाली, तिसऱ्या मजल्यावरचं जमत आलेलं लग्न मोडायला आलं आणि सोसायटीच्या दप्तरात काटेसाहेब राहतच नाहीत असं निष्पन्न झालं. यात ग्रहांचा हात किती आणि काटेसाहेबांचा किती, यावर इमारतीत अजूनही दोन तट आहेत.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून झाली. दुकानात शिरले की ते आधी तराजूकडे बघत, मग दुकानदाराकडे, आणि माल कसला आहे याकडे बहुधा बघतच नसत. पारडी रिकामी असताना काटा शून्यावर उभा राहतो की नाही, एवढाच त्यांचा पहिला प्रश्न. रिकामा तराजूच खोटं बोलत असेल तर पुढे त्यात सोनं घाला नाहीतर कांदे, सगळं खोटंच, हे तत्त्व त्यांनी हाताखालच्या प्रत्येकाला, स्वतःच्या मुलीला आणि लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बायकोला समजावून सांगितलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ते लांबून येताना दिसले की भाजीवाला अजून तराजू पुसायला घेतो.

ज्योतिष होतं ते त्यांच्या बायकोचं. सगळी इमारत तिला मावशी म्हणे. पत्रिका बघायला ती बैठकीत बसत नसे, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसे, आणि ज्याची पत्रिका त्याने मटारच्या शेंगा सोलायच्या असा तिथला नियम होता. शेंगा सोलताना माणूस खरं बोलतो असं तिचं म्हणणं. शनी कोणाकडे बघतो, मंगळ कोणावर डोळे वटारतो, हे ती अशा सुरात सांगायची की जणू हे दोघे शेजारचेच कोणी तऱ्हेवाईक म्हातारे आहेत. बाहेरच्या खोलीत काटेसाहेब वर्तमानपत्राआडून आत ऐकू जाईल इतपत नाक फेंदारून श्वास सोडत. एवढाले गोळे, त्यांना आपल्या घरात डोकवायला वेळ कुठला, असं म्हणत. त्यावर आतून शांतपणे उत्तर येई, "आपलं षडाष्टक आहे. तुम्ही असंच बोलणार." बायका नवऱ्याला जे काही म्हणत असतात त्यातलंच हे एक, असं समजून काटेसाहेब पान उलटत.

मग मावशी गेली. मुलगी महिनाभर राहिली, फ्रीजमधल्या शेंगा तिनेच बाहेर टाकल्या, आणि ती आपल्या गावी परतली. काटेसाहेब घरात राहिले.

राहिले, पण सोसायटीच्या लेखी नाही. त्याचं असं झालं की घरोघरी माणसं किती याची नोंद करत सेक्रेटरी एका सकाळी दाराशी आले. सेक्रेटरी हा गृहस्थ ऐकू येईल ते लिहिणारा आहे, त्याचा अर्थ लावणं तो आपलं काम समजत नाही. त्यांनी विचारलं, या घरात किती माणसं? कोणताही प्रश्न विचारला की तपासून मगच उत्तर द्यायची काटेसाहेबांना सवय. दार धरून ते मागे वळले, बैठकीची खोली बघितली, स्वयंपाकघराच्या दाराकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाले, "कोणी नाही." सेक्रेटरींनी लिहिलं, रिकामे.

पुढच्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. उंबरठ्यापाशीच घुटमळत राहिल्या. त्यांची मुलगी मोटार चालवायला शिकवते. भल्या पहाटे उठून ती भित्र्या माणसांना चौकाचौकांतून फिरवते आणि स्वतःच्या पायाखालच्या जादा ब्रेकवर अनेकांचे प्राण वाचवते. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा एक मुलगा तिला पसंत होता, त्यालाही ती पसंत होती. अडलं होतं ते दोन्हीकडच्या मोठ्या माणसांपाशी. दोन्ही पत्रिका मावशीकडे दिल्या होत्या आणि मावशीने "बघून सांगते" म्हटलं होतं.

"दुसरीकडे दाखवणार होतो," वहिनी म्हणाल्या, "पण कार्टी ऐकत नाही. म्हणते मावशीकडे दिल्यात ना, मग मावशी सांगेल तेव्हा." आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्या चपलांकडे बघत राहिल्या. मुलाकडचे आता थांबायला तयार नव्हते. आठवडाभरात होय की नाही ते कळवा, असा त्यांचा निरोप होता.

बघून सांगते म्हणजे दिलेला शब्द. काटेसाहेबांच्या हिशेबी दिलेला शब्द आणि शिक्का मारलेलं वजन यांत फरक नव्हता. ते भरायलाच हवं. ते म्हणाले, सांगतो. वहिनींनी दचकून विचारलं, तुम्ही? तो "तुम्ही" त्यांना लागला. चाळीस वर्षं ज्याने तराजूंची नाडी ओळखली त्याला बारा घरांचा एक चौकोन जड जाणार होता की काय.

स्वतःच्या मुलीला त्यांनी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आईचा चष्मा बघा, बाबा. पुस्तकात खूण म्हणून ठेवलेला असेल." तो होताच.

तोच चष्मा लावून पुस्तक त्यांनी खात्याची नियमावली वाचावी तसं वाचलं. बाकीचं सगळं धूसर होतं, पण दृष्टीचं कलम त्यांना आवडलं, कारण त्यात आकडे होते. प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या घराकडे बघतो. शनी त्याशिवाय तिसऱ्याकडे आणि दहाव्याकडे बघतो, मंगळ चौथ्याकडे आणि आठव्याकडे. पहिलं घर स्वतःचं, दुसरं वाणीचं, चौथं घरादाराचं, वाहनाचं, पाण्याचं, सातवं लग्नाचं. ग्रह कुठे बसलाय ते बघा, तिथून घरं मोजा, जिथे बोट पडेल तिथे त्याचा डोळा. काटेसाहेबांना नवल वाटलं की एवढ्याशा गोष्टीसाठी माणसं एवढी घाबरतात. त्यांनी ग्रहाच्या घरावर बोट ठेवलं, मनात शून्य म्हटलं, आणि पुढचं घर एक धरून मोजायला लागले. आयुष्यभर त्यांनी असंच मोजलं होतं. जिथून मोजायचं तिथे शून्य, हे काय पुस्तकाने सांगायचं.

पण नाजूक काट्यावर पहिलंच वजन महत्त्वाचं ठेवत नाहीत. आधी माहितीतली वजनं टाकून बघतात. म्हणून वहिनींच्या मुलीच्या पत्रिकेला हात लावण्याआधी त्यांनी दोन माहितीतल्या माणसांच्या पत्रिका मागून घेतल्या.

पहिले सेक्रेटरी. त्यांचा शनी पहिल्याच घरात. काटेसाहेबांनी शून्य, एक, दोन, तीन केलं आणि बोट चौथ्यावर पडलं. घर, वाहन, पाणी. त्यांनी निरीक्षकाच्या थंड आवाजात सांगितलं की शनीची कडक नजर आहे, पाणी सांभाळा. सेक्रेटरींकडे पाणी म्हणजे गच्चीवरची टाकी. त्याच दुपारी त्यांनी ती उपसायला लावली. इमारतीला दोन दिवस पाणी नाही, जिन्यात बादल्या, तळमजल्यावरच्या औषधवाल्याचा सल्ला की टाकीला काळं कापड बांधा, पहिल्या मजल्यावरच्यांचा सल्ला की सेक्रेटरी बदला. टाकीच्या तळाशी एक चप्पल निघाली. ती कोणाची यावर बरीच चर्चा झाली, आणि मग सेक्रेटरींच्या बायकोने ती ओळखली. मागे एकदा टाकीचं झाकण बसवायला गेले होते आणि एका पायाने अनवाणी परतले होते म्हणे. चप्पल तिथे किती काळ होती हे ज्याच्या त्याच्या लक्षात आलं तेव्हा इमारतीत एक चमत्कारिक शांतता पसरली. एवढे दिवस ते पाणी सगळ्यांनी गोड मानून प्यायलं होतं. आता राग कोणावर काढायचा? सेक्रेटरींवर काढता येत नव्हता, कारण ते आणखी एक परिपत्रक काढतील. तो काटेसाहेबांवर निघाला.

दुसऱ्या हेडबाई. शाळेतून निवृत्त झाल्या तरी शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. जिन्यात कोण किती वाजता चढलं याची हजेरी त्या खुर्चीत बसून मोठ्याने घेत. त्यांचा मंगळ दहाव्यात. काटेसाहेबांनी चार घरं मोजली आणि बोट दुसऱ्यावर, म्हणजे वाणीवर पडलं. बोलण्यातून अनर्थ संभवतो, एवढंच ते म्हणाले. हेडबाई शिस्तीच्या. त्या क्षणापासून त्यांनी मौन धरलं आणि पाटी-पेन्सिल घेतली. पहिल्या दिवशी इमारत हळहळली. दुसऱ्या दिवसापासून माणसं जिन्यात रेंगाळायला लागली.

दोन्ही वजनं बरोबर उतरली असं काटेसाहेबांनी मानलं. टाकीत खरोखरच घाण होती आणि हेडबाईंच्या बोलण्यात खरोखरच अनर्थ होता. आता मुलीची पत्रिका. शनी चौथ्यात. शून्य, एक, दोन, तीन, आणि बोट सातव्यावर. लग्नाच्या घरावर शनीची थेट, सणसणीत दृष्टी. मग दोघांच्या राशी. तिची वृषभ, त्याची धनू. इकडून मोजलं तर सात, तिकडून पाच. सात-पाच नावाचा कोणताही योग पुस्तकात सापडेना. नियमावलीत नाही ते विचारात घ्यायचं नाही, म्हणून तो त्यांनी सोडून दिला, आणि वहिनींना वर जाऊन सांगितलं की शनी लग्नाकडे रोखून बघतोय.

वहिनी नुसतं "बरं" म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत मुलाकडे निरोप गेला की तूर्त थांबावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. काटेसाहेबांनी दार उघडलं तर सेक्रेटरी हातात डिंकाची बाटली घेऊन उभे. निवासी जागेत विनापरवाना भविष्यकथन केल्याबद्दल खुलासा मागणारी नोटीस ते दारावर चिकटवत होते.

"तुम्ही आत कसे?" सेक्रेटरींनी विचारलं.

काटेसाहेबांनी सांगितलं की हे त्यांचं घर आहे. सेक्रेटरींनी काखेतलं दप्तर उघडून दाखवलं की हे घर रिकामं आहे. म्हणूनच नोटीस हातात न देता चिकटवायची. काटेसाहेब म्हणाले, मग नोंद दुरुस्त करा. सेक्रेटरी म्हणाले, अर्ज करा. अर्ज कोणी करायचा? राहणाऱ्याने. मी राहतो. दप्तरात राहत नाही. यावर दोन सरकारी माणसं एकमेकांकडे जितक्या आदराने बघू शकतात तितक्या आदराने दोघांनी एकमेकांकडे बघितलं. खुलासा मात्र तीन दिवसांत हवा होता. तो नसलेल्या माणसाने द्यायलाही सेक्रेटरींची हरकत नव्हती.

हा अपमान गिळून काटेसाहेब आत वळतात तोच वहिनींची मुलगी जिन्याने खाली आली. गाडीच्या किल्ल्या हातात, डोळे लाल.

"काका, शनी नक्की लग्नाकडे बघतोय?"

"मोजून सांगितलंय."

"मग मावशी वेगळं का म्हणाली? ती म्हणाली होती, तुझ्या शनीचा डोळा कामावर आहे. राबवून घेणार तुला, पण पडू देणार नाही. लग्नाचं शनीला काही देणंघेणं नाही, ते दुसरं काहीतरी बघायचंय म्हणाली." ती थांबली. "तुमच्यापैकी एक जण चुकतंय."

ती निघून गेली. बायको चुकली असेल ही शक्यता काटेसाहेबांनी आधी तपासली. ती जुनी सवय. पण मावशीच्या भाषेत काम म्हणजे सहावं घर, आणि सहावं हे सातव्याला लागूनच. दोघांत नेमका एका घराचा फरक. एका घराचा फरक हा शब्दप्रयोग त्यांच्या कानाला बरा लागला नाही. पारड्यात काही नसताना काटा एका रेघेने पुढे उभा असला की नेमका असाच फरक पडतो, दर वजनात, न चुकता.

ते स्वयंपाकघरात गेले, टेबलापाशी बसले, आणि मावशी म्हणाली ते "दुसरं काहीतरी" शोधायला लागले. पुस्तकात लग्नाच्या प्रकरणात ठळक अक्षरांत होतं: षडाष्टक. एकापासून दुसरी रास सहावी आणि दुसरीपासून पहिली आठवी. वाद, विरह, स्वभाव न जुळणे. काटेसाहेबांनी आकडे बघितले आणि निरीक्षक जागा झाला. इकडून सहा, तिकडून आठ, बेरीज चौदा. राशी मात्र बारा. पूर्ण फेरी मारून बारा घरांचा रस्ता चौदा घरांचा होतो कसा? एका दुकानात बारा किलोच्या पोत्याचे चौदा किलो होत होते तेव्हा त्यांनी त्या दुकानदाराला तासभर उभं केलं होतं.

ते बराच वेळ त्या चौदाकडे बघत राहिले. मग त्यांना समजलं. ही माणसं शून्यापासून मोजतच नव्हती. ज्या घरात उभं आहे ते घरच एक धरायचं. जाताना स्वतःचं घर धरायचं, येताना पुन्हा समोरच्याचं धरायचं. म्हणून दोन जास्त. पुस्तक बरोबर होतं, मावशी बरोबर होती, आणि ज्याने जन्मभर लोकांची शून्यं तपासली त्याचाच काटा पहिल्या दिवसापासून एका रेघेने पुढे होता. हेडबाईंच्या मंगळाची नजर वाणीवर नव्हती, त्यांच्या स्वतःवर होती. सेक्रेटरींचा शनी टाकीकडे बघतच नव्हता.

त्यांनी मुलीची पत्रिका पुन्हा मोजली. शनी लग्नावरून हलला आणि कामावर गेला, मावशी म्हणाली होती तसाच. मग राशी. वृषभेपासून धनू आठवी, धनूपासून वृषभ सहावी. एक दगड बाजूला केला तर त्याच्याखालून हा दुसरा निघाला. चक्क षडाष्टक.

तेव्हा त्यांना ते आतून येणारं उत्तर ऐकू आल्यासारखं झालं. रोज सकाळी मावशी वर्तमानपत्रातलं राशिभविष्य दोघांचं मोठ्याने वाचायची, आधी तिचं मग त्यांचं, आणि ते आपण ऐकत नाही असं दाखवत ऐकायचे. तिची मेष, त्यांची कन्या. त्यांनी बोट मेषेवर ठेवलं. एक, दोन, असं करत कन्येपर्यंत. सहा. कन्येपासून परत. आठ. त्यांनी पुन्हा मोजलं, कारण दोनदा मोजल्याशिवाय ते सही करत नसत.

चष्मा काढून त्यांनी पुस्तकात ठेवला. जिथे होता त्याच पानावर.

पुढची गोष्ट त्यांच्या दृष्टीने सगळ्यात कठीण होती, पण चुकीचा काटा जाहीरपणे जप्त करायचा असतो, मग तो कोणाचाही असो. जिन्याखालच्या सोसायटीच्या फळ्यावर त्यांनी स्वच्छ अक्षरांत लिहिलं की आपण दिलेली सर्व भाकितं एका घराने चुकली आहेत, तरी ती कृपया एक घर मागे सरकवून वाचावीत. हाच खुलासा समजावा. सेक्रेटरी आपली टाकी एक घर मागे सरकवून कुठे नेतात हे बघायला बरेच जण जमले. मग काटेसाहेब हेडबाईंकडे मौन सोडा म्हणून सांगायला निघाले, तर जिन्यातच चार-सहा शेजाऱ्यांनी त्यांना अडवलं. औषधवाला पुढे झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, बाकी सगळं दुरुस्त करा, पण बाईंचा मंगळ आहे तिथेच राहू द्या. काटेसाहेबांनी क्षणभर विचार केला, हे नाकारता येणार नाही. पण चूक ती चूक. त्यांनी जाऊन सांगितलं. हेडबाईंनी पाटी पुसली, कपाटात ठेवली, आणि तुंबलेल्या दिवसांची सगळी हजेरी संध्याकाळपर्यंत एका दमात घेतली.

मुलीला त्यांनी निरोप धाडला की त्या मुलालाही घेऊन ये, आणि येताना मटारच्या शेंगा आण.

दोघं आली, मागून वहिनी आल्या. काटेसाहेबांनी टेबलावर शेंगा ओतल्या आणि सोलायला सांगितलं. भिंगं घासणाऱ्याची बोटं सफाईची होती. तो एकही दाणा न दुखवता सोलत होता. मुलगी दोन शेंगांत एक दाणा लांब उडवत होती आणि तो काही न बोलता वाकून उचलत होता. काटेसाहेब हे बघत बसले. मावशी इथे बसून काय बघायची ते त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

"शनीचं मी चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "तो लग्नाकडे बघत नाही. पण षडाष्टक आहे."

वहिनींचा हात थांबला. मुलगी म्हणाली, "नक्की?"

"दोनदा मोजलंय." मग ते म्हणाले, "आमचंही होतं."

"मावशीला माहीत होतं?"

"तीच सांगायची. रोज. मी पेपर वाचत असायचो."

मुलाने पहिल्यांदाच तोंड उघडलं. हळूच विचारलं, "मग कसं झालं?"

हा प्रश्न काटेसाहेबांनी तपासून बघितला. "भांडलो," ते म्हणाले. "तिला पंखा लागायचा, मला थंडी वाजायची. ती लावायची, मी बंद करायचो. कितीतरी वर्षं." त्यांनी एक दाणा बोटांत फिरवला. "आता कोणी लावत नाही. मी बंद करायला उठतो, तो बंदच असतो. मग लावून येतो."

मुलीने नाक ओढलं आणि कोपर मारून मुलाला म्हटलं, "मला पंखा लागतो. आत्ताच सांगून ठेवते." तो म्हणाला, मला चालेल. "चालेल म्हणू नको, पुढे भांडायला काय उरेल," ती म्हणाली. वहिनी हसल्या, मग पटकन डोळे पुसून म्हणाल्या, मुलाकडच्यांना मी आजच फोन करते.

दारात खाकरल्याचा आवाज आला. सेक्रेटरी. दप्तर उघडं, पेन तयार. खुलासा मान्य झाला होता, पण रिकाम्या घरातून खुलासा आल्याने दप्तरात घोळ झाला होता. तेव्हा अर्ज वगैरे राहू द्या, तोंडी सांगा, असं म्हणून त्यांनी नव्याने विचारलं, "या घरात किती माणसं?"

काटेसाहेब सवयीप्रमाणे मागे वळले. बैठक बघितली. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आतल्या टेबलावर हिरव्या टरफलांचा ढीग होता. मग आपण मोजायला कुठून सुरुवात करतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"एक," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी लिहून घेतलं. काटेसाहेबांनी त्यांना आत बोलावलं, आणि ओट्याकडे निघालेल्या वहिनींना सांगितलं, "चहा पाच कप टाका. मला धरून."